कीटन की लॉइड: मूकपट बघायला सुरुवात कुणापासून?

चॅप्लिन पाहून झाला, आता पुढे कोण? मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन (जन्म १८९५) आई-वडिलांच्या नाटकमंडळीत आपटत-धोपटत वाढला. चेहऱ्यावरची रेषही न हलवता तो पडायचा, उठायचा. १९२८च्या 'स्टीमबोट बिल ज्युनियर'मध्ये घराची आख्खी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि तो उघड्या खिडकीच्या चौकटीतून सहीसलामत वाचतो. भिंत खरीच, वजनदार. काही इंच चुकला असता तर संपलाच!

हॅरोल्ड लॉइड (१८९३) त्यामानाने साधासुधा, गोल चष्म्यातला पोरगा. १९१९मध्ये नकली समजलेला बॉम्ब हातातच फुटून उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली. पुढे १९२३च्या 'सेफ्टी लास्ट'मध्ये घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो तो याच हाताने, वर हातमोजा चढवून.

व्यवहारात मात्र लॉइड पक्का. स्वतःच्या चित्रपटांचे हक्क त्याने हातचे जाऊ दिले नाहीत. कीटनने १९२८मध्ये एमजीएम या हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओशी करार केला आणि स्वतःच्या चित्रपटांवरचा ताबाच गमावला. त्यात दारूची भर.

हसायचंच असेल तर आधी लॉइड लावा. मला विचाराल तर कीटन. त्याच्या 'द जनरल' चित्रपटातली ती आगगाडी पुन्हा पुन्हा बघावीशी वाटते.