पीएस५, एक्सबॉक्स की स्विच २? टेराफ्लॉप बाजूला ठेवून बघू

गेम खेळायचा कन्सोल घ्यायला निघालेला माणूस हल्ली पहिला प्रश्न विचारतो तो टेराफ्लॉपचा. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स १२.१५, सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) १०.२८, एक्सबॉक्सचाच धाकटा भाऊ सिरीज एस जेमतेम ४. मग काय, मोठा आकडा उचला आणि मोकळे व्हा! २०२० च्या नोव्हेंबरात हे कन्सोल आले तेव्हा बऱ्याच जणांनी हाच हिशेब मांडला होता. पुढे एकच गेम सिरीज एक्स आणि पीएस५वर शेजारी-शेजारी लावून बघितला, तर बहुतेक वेळा फरक शोधायला भिंग घ्यावं लागलं.

कारण सरळ आहे. सिरीज एक्सच्या चिपमध्ये ग्राफिक्सची ५२ युनिटं आहेत, पण ती १.८२५ गिगाहर्ट्झवर चालतात. पीएस५मध्ये ३६ च, पण २.२३ गिगाहर्ट्झपर्यंत पळतात. एकाकडे माणसं जास्त, दुसऱ्याकडे हात चपळ; दिवसाअखेर दोघांचं काम साधारण तेवढंच होतं. त्यामुळे या दोघांतला निवाडा टेराफ्लॉपवर करू नका. कन्सोल बनवणाऱ्यांनी आणि गेम बनवणाऱ्यांनी त्या ताकदीचं केलं काय, ते बघा.

पीएस५: खरी कमाल आतल्या साठ्याची आणि हातातल्या यंत्राची

माझ्या मते पीएस५मधला सगळ्यात महत्त्वाचा भाग ग्राफिक्सची चिप नाहीच. तो आहे आतला एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीशिवायचा वेगवान साठा, सेकंदाला ५.५ जीबी वाचणारा. सिरीज एक्सचा २.४ जीबी वाचतो, तोही काही वाईट नाही. पण जुन्या पीएस४ची हार्ड डिस्क सेकंदाला शंभर एमबीपर्यंत पोचतानाही धापा टाकायची.

आता याचा गेमच्या रचनेशी काय संबंध? २०१८ चा 'गॉड ऑफ वॉर' आठवा. त्यातला नायक क्रेटॉस दर थोड्या वेळाने एखाद्या कपारीतून अंग चोरत, खांदा घासत पलीकडे जातो. आपण म्हणतो, वा, काय वातावरण उभं केलंय! तेवढ्यात मागे डिस्क पुढचा मुलूख मेमरीत भरत असते. लिफ्टमधल्या लांबलचक गप्पा, न उघडणारी जडशीळ दारं, ही सगळी त्याच खात्यातली. २०२१ च्या 'रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट'मध्ये मात्र भर लढाईत एका भेगेतून उडी मारली की आपण थेट दुसऱ्याच ग्रहावर. २०२३ च्या 'स्पायडर-मॅन २'मध्ये नकाशावर बोट ठेवलं की चित्र तिथेच जाऊन उतरतं. कपार गेली! हार्डवेअरमुळे रचना बदलली असं मी म्हणतो ते याला. जास्त चकचकीत डबक्यांना नाही.

दुसरी गोष्ट ड्युअलसेन्स कंट्रोलर. पीएस५बरोबर 'अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम' फुकट येतो, दुकानदार तयार असेल तर तिथेच खेळून बघा. वाळूवरून चालताना तळहाताला बारीक कुरकुर लागते, धातूवर टकटक, बर्फावर सपकन घसरल्यासारखं. स्प्रिंगचा पोशाख घातला की ट्रिगर अर्ध्यावर अडतो आणि मग सुटतो. याच चमूचा 'अ‍ॅस्ट्रो बॉट' २०२४ च्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम गेम ठरला, मोठ्या-मोठ्या गंभीर गेमना मागे टाकून. मला त्याचा फार आनंद झाला होता. तक्रार एवढीच की बाहेरच्या कंपन्यांचे बरेच गेम या सगळ्याचा वापर नावापुरताच करतात. आणि कंट्रोलरची बॅटरी लवकर मान टाकते.

पीएस५ प्रो या वरच्या आवृत्तीबद्दल थोडक्यात. १६.७ टेराफ्लॉप, २ टीबी साठा, डिस्क घालायची सोय वेगळी विकत. २०२४ मध्ये तो बाजारात आणताना सोनीने भारताला वगळलं, कारण त्यातल्या वायफायला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा तेव्हा इथे खुला नव्हता. परदेशातून आणलेला घेण्यासाठी जीव टाकू नका. साध्या पीएस५वर चालत नाही आणि प्रोवरच चालतो, असा गेम नाही.

एक्सबॉक्स: यंत्र उत्तम, पण घ्यायचं कशासाठी?

सिरीज एक्स दिसायला ठोकळा, चालायला शांत. जुने गेम सांभाळण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. एक्सबॉक्स ३६० च्याच नव्हे, तर पहिल्या एक्सबॉक्सच्याही कित्येक डिस्क त्यात चालतात. अर्धवट सोडलेले दोन-चार गेम जिथल्या तिथे उघडणारी क्विक रिझ्युमची सोय इतरांनी उचलायला हवी होती.

सिरीज एसची गोष्ट वेगळी. भारतात तो ३४,९९० ला आला तेव्हा मीही लोकांना 'घेऊन टाका' म्हणत होतो, आणि त्या वेळी ते बरोबरच होतं. पण त्याचा खरा अडसर ४ टेराफ्लॉप नाहीत, १० जीबी मेमरी आहे. सिरीज एक्समध्ये १६. चित्राची बारकाई कमी करून ग्राफिक्सचा भार हलका करता येतो, पण जगच मेमरीत मावत नसेल तर काय करणार? 'बॉल्डर्स गेट ३' पीएस५वर २०२३ च्या सप्टेंबरात आला. एक्सबॉक्सवर डिसेंबर उजाडला, कारण पडदा दोन भागांत वाटून दोघांनी खेळायची सोय सिरीज एसवर बसता बसेना. शेवटी ती सोय वगळूनच गेम काढला. नंतर अपडेटने ती आली, पण धाकट्या भावापायी थोरल्याचाही गेम लांबला हे विसरता येत नाही.

साठा वाढवायचा तर एक्सबॉक्सला त्याचं खास कार्डच लागतं. सिरीज एसला ते घेणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. पीएस५मध्ये बाजारात मिळणारा, ठरलेल्या वेगाचा एम.२ एसएसडी स्क्रू ड्रायव्हरने बसवता येतो.

राहिला गेम पास. दर महिन्याला पैसे भरा आणि शेकडो गेम खेळा, ही कल्पना अजूनही मोहात पाडते. मात्र २०२५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत त्याच्या अल्टिमेट या सगळ्यात महाग योजनेचा दर १९.९९ वरून २९.९९ डॉलरवर गेला आणि आपल्याकडेही भाव चढले. तेव्हा कोणाच्या आवळ्याचा कोहळा झाला ते कळलं. शिवाय मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे गेमच आता दुसरीकडे मिळतात. 'फोर्झा होरायझन ५' आणि इंडियाना जोन्सचा गेम दोन्ही २०२५ मध्ये पीएस५वर आले, 'हेलो'चा नवा अवतारही पीएस५साठी जाहीर झाला. सोनीचे बहुतेक मोठे गेम मात्र एक्सबॉक्सवर येत नाहीत. मग आज नवा एक्सबॉक्स कोणी घ्यावा? ज्यांच्याकडे जुन्या डिस्कचा ढीग आहे, त्यांनी. बाकीच्यांना मी नाही सांगणार.

स्विच २: कमी ताकदीचा वारसा

स्विच २ बनवणाऱ्या निन्टेंडोचा कमी ताकदीत भागवायचा हा स्वभाव आजचा नाही. १९८९ चा गेम बॉय काळ्या-हिरव्या पडद्याचा, चार पेन्सिल सेलवर तासन् तास चालणारा. पुढच्याच वर्षी सेगाने रंगीत गेम गिअर काढला. त्याला सहा सेल लागायचे आणि ते बघता बघता संपायचे. गेम बॉयचे कर्ते गुन्पेई योकोई यांचं सूत्रच होतं की जुनं झालेलं, स्वस्त झालेलं तंत्रज्ञान घ्या आणि त्याचा कोणाला न सुचलेला उपयोग करा. २००६ चा 'वी' (Wii) हा कन्सोल त्याच घराण्यातला. ताकदीत पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० च्या जवळपासही नव्हता, पण १० कोटींहून जास्त विकला गेला. ते दोघं ९ कोटींच्या आतच राहिले. आणि पीएस२? १५ कोटींच्या वर खप, समोरचा एक्सबॉक्स त्याच्याहून तगडा असताना.

पहिल्या स्विचमध्ये (२०१७) फक्त ४ जीबी मेमरी होती. त्या यंत्रावर २०२३ मध्ये 'झेल्डा: टिअर्स ऑफ द किंग्डम' आला. समोर दरी, आजूबाजूला पडलेले ओंडके. नायकाला मिळालेल्या अल्ट्राहँड या शक्तीने एक ओंडका उचलायचा, फिरवायचा, दुसऱ्याच्या टोकाला चिकटवायचा. पूल झाला तर झाला. आखूड पडला तर अजून एक जोडा, वाकडा जोडला असेल तर घरंगळून खाली जाईल. त्याच ओंडक्यांना शीड लावलं की तराफा. गेम कुठेच 'असं चालणार नाही' म्हणत नाही. वजन, तोल, घर्षण सगळं खरंखुरं सांभाळतो. कित्येक पटींनी ताकदवान कन्सोलवरचे किती गेम हे करतात? बहुतेकांत दार फोडायचं म्हटलं तरी पिवळा रंग लावलेलंच फोडता येतं.

अर्थात त्या बिचाऱ्या यंत्राला घाम फुटायचा. मोठं काही जोडायला घेतलं की चित्र सेकंदाला ३० फ्रेमच्या खाली अडखळायचं. ५ जून २०२५ ला आलेल्या स्विच २वर तोच गेम ६० फ्रेमने पळतो. खेळ तोच, पण डोळ्यांना आणि बोटांना आराम. ताकद लागते ती अशी, आणि एवढी लागतेच. नाही लागत असं म्हणणाऱ्यांनी 'सायबरपंक २०७७' आठवावा. २०२० च्या डिसेंबरात पीएस४वर तो इतका कोलमडला की सोनीने आपल्या दुकानातून काढूनच टाकला. तोच गेम पुढे स्विच २वर पहिल्याच दिवशी, ६४ जीबीच्या कार्ट्रिजवर आला, आणि हातात धरून नीट खेळता येतो.

स्विच २मध्ये १२ जीबी मेमरी, २५६ जीबी साठा, ७.९ इंची पडदा. टीव्हीला जोडला तर ४के पर्यंत. बॅटरी निन्टेंडोच्याच सांगण्यानुसार २ ते साडेसहा तास. जड गेमला दोनच्या जवळचा आकडा धरून चाला. पण ज्या गावात वीज केव्हाही जाते तिथे हे वरदान आहे. पीएस५ दिवे जाताच खटकन बंद पडतो. जड गेम चालू असताना तो २०० वॉटच्या आसपास ओढतो, तेव्हा घरचा इन्व्हर्टर आधी तपासा.

आता कटू भाग. निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विकतच नाही. नव्वदच्या दशकात आपण 'व्हिडिओ गेम' म्हणून कॅसेट फुंकून-फुंकून जे खेळलो ते निन्टेंडोच्या फॅमिकॉमचीच नक्कल होती. म्हणजे मारिओ घराघरात, कंपनीचा पत्ता नाही! पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला 'राजी' २०२० च्या ऑगस्टमध्ये सगळ्यात आधी स्विचवर आला, तेव्हाही पुण्यात स्विच मिळायचा तो आयात केलेलाच. याचा अर्थ सर्व्हिस सेंटर नाही, वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर, आणि निन्टेंडोच्या ई-शॉप या ऑनलाइन दुकानाला भारत हा देशच नाही. दुसऱ्या देशाचं खातं उघडून गिफ्ट कार्डं भरावी लागतात. हे गेम लवकर स्वस्तही होत नाहीत. अमेरिकेत किंवा दुबईत राहणाऱ्यांना यातलं काही लागू नाही, त्यांनी खुशाल घ्यावा.

खिशाचं गणित

'थोडं थांबू, स्वस्त होईल' हा सल्ला आता बाद. पीएस२ अमेरिकेत २९९ डॉलरला आला आणि २००९ पर्यंत ९९ वर उतरला. २०२५ मध्ये मात्र पाच वर्षं जुन्या सिरीज एक्स आणि पीएस५ या दोघांच्याही किमती तिथे वाढल्या. आपल्याकडे डिस्कवाला पीएस५ ४९,९९० ला आला आणि त्याचा स्लिम २०२४ मध्ये ५४,९९० ला. मेमरीचे भाव आणि रुपया आणखी काय करतील त्याचा भरवसा नाही.

त्यामुळे माझा कौल डिस्कवाल्या पीएस५ला, आणि 'डिस्कवाल्या' हा शब्द दोनदा वाचा. नवा मोठा गेम पाच हजारांच्या घरात जातो. डिस्क असली तर खेळून झाल्यावर विकता येते, मित्राशी अदलाबदल करता येते, आणि लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात जुनी मिळते. पीएस४च्या डिस्कही चालतात, म्हणजे पहिल्या दिवसापासून दहा वर्षांचा साठा समोर. डिजिटल आवृत्तीत सुरुवातीला वाचवलेले दहा हजार तीन-चार गेममध्ये परत जातात. नव्या डिजिटल पीएस५ला डिस्क ड्राइव्ह नंतर जोडता येतो, तो पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं एवढंच.

घरात लहान मुलं असतील, टीव्हीवर आजी-आजोबांच्या मालिकांचा हक्क असेल, किंवा खेळायचा वेळ लोकलच्या प्रवासातच मिळत असेल, तर मात्र वर सांगितलेल्या सगळ्या कटकटींसकट स्विच २. जॉय-कॉनची, म्हणजे पडद्याच्या दोन बाजूंना लागणाऱ्या छोट्या कंट्रोलरची, जोडी सोडवून दोघांना एकेक देता येतो, दुसरा कंट्रोलर घेण्याचा खर्च वाचतो.

स्विच २ मागवताना दोन गोष्टी बघा. जपानहून कोणी आणणार असेल तर तिथे दोन प्रकार मिळतात: २०२५ मध्ये ४९,९८० येनला आलेला फक्त जपानी भाषेत आणि जपानच्याच खात्यावर चालतो, आपल्याला तेव्हा ६९,९८० येनला आलेला, अनेक भाषांचा हवा. आणि गेमच्या खोक्यावर 'गेम-की कार्ड' लिहिलं असेल तर आतल्या कार्ट्रिजमध्ये गेम नसतो, नुसती किल्ली असते. सगळा गेम डाउनलोड करावा लागतो. मेमरी कार्ड वाढवायचं तर साधं चालत नाही, मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागतं.

जुना कन्सोल घेताना, तो तिन्हींपैकी कुठलाही असो, कंट्रोलरच्या अंगठ्याने फिरवायच्या काठ्या (स्टिक) तपासा. तिन्ही कंपन्यांच्या सोबत येणाऱ्या कंट्रोलरमधल्या काठ्या घासून झिजणाऱ्याच जातीच्या आहेत, कधी ना कधी आपोआप सरकायला लागतात. स्विचवर सेटिंगमध्ये जाऊन, बाकीच्यांवर एखादा गेम लावून, काठीला हात न लावता मिनिटभर बघत बसा. ठिपका मध्यावरून हलला किंवा गेममधलं चित्र आपोआप सरकलं तर नव्या कंट्रोलरचे पैसे सौद्यातून वजा करून मागा.