३०० थ्रेड काउंटची चादर घ्यावी की ८०० ची?

मी दोन्ही वापरल्या आहेत: ३०० थ्रेड काउंटची पर्केल आणि ८०० ची सॅटीन. हात फिरवून पाहिलात तर ८०० ची लगेच पसंत पडेल. ती मऊ, भरीव आहे आणि तिला हलकी चमकही आहे. सॅटीनच्या विणीत एक धागा तीन-चार धाग्यांवरून जाऊन मग खाली उतरतो, म्हणून स्पर्श गुळगुळीत लागतो. पर्केलची वीण साधी, एक वर एक खाली. नवी असताना ती जरा कडक वाटते, पण धुण्यागणिक मऊ होत जाते.

थ्रेड काउंटच्या आकड्याबद्दल मात्र सावध राहा. एका चौरस इंचात उभे-आडवे मिळून किती धागे, एवढंच तो सांगतो. तेवढ्या जागेत धागे मावायला मर्यादा असते, त्यामुळे बरेचदा दोनपदरी सुताचा प्रत्येक पदर वेगळा मोजून आकडा फुगवलेला असतो. ४०० दोनपदरी धाग्यांचे कागदावर ८०० होतात. कापड जाड होतं, तलम नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अधिकाऱ्यांनी २००५ मध्येच अशा मोजणीने ग्राहकाची दिशाभूल होऊ शकते असं मत दिलं होतं. तरी प्रकार थांबलेला नाही.

माझा निर्णय झाला तो वाळवण्यावरून. ८०० ची चादर ओली झाली की उचलताना हाताला ओढ बसते, पिळायला जड जाते, आणि मधला भाग कोरडा झाला तरी कडेची दुमड आतून दमटच राहते. घडी घालताना ते कळत नाही. कपाट उघडल्यावर कुबट वास येतो आणि सगळं पुन्हा धुवायला काढावं लागतं. दर धुण्याला हेच. ३०० ची त्याच दोरीवर कधीच वाळून गेलेली असते. रात्रीही तिच्यातून हवा खेळते; जाड सॅटीनवर मला कूस बदलली तरी पाठ गरम वाटायची.

थंडी जास्त वाजत असेल, किंवा ड्रायर हाताशी असेल, तर सॅटीन तुम्हाला कदाचित जास्त आवडेल. तिचा ऊबदारपणा खरा आहे. फक्त पाय घासले जातात तिथे बारीक गोळे धरतात का, तेवढं पाहत राहा. वरून मोकळे जाणारे लांब धागे तिथे लवकर झिजतात.

मला विचाराल तर जास्तीचे पैसे आकड्यावर घालवण्यापेक्षा कापसावर घालावेत. सुविन, पिमा किंवा गिझा अशा लांब धाग्याच्या कापसाचं सूत बारीक आणि मजबूत निघतं, त्यातून सुटी टोकं कमी बाहेर येतात. लेबलवर कापसाची जात आणि ‘सिंगल प्लाय’ (म्हणजे एकपदरी सूत) असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर २५० ते ४०० मधली पर्केल निर्धास्त घ्या. नुसता मोठा आकडा छापून बाकी काहीच सांगितलं नसेल, तर मी तरी ती चादर घेत नाही.