क्लोज्ड लूप हीट एक्स्चेंजर + छोटा कूलिंग टॉवर, कॉलेज लॅबसाठी: पावसाळा-हिवाळा वापरून झाल्यावर

आमचं कॉलेज कोकणात. आधी डबल पाइप हीट एक्स्चेंजरला (पाइपात पाइप, एकात गरम पाणी, दुसऱ्यात थंड) थंड पाणी डायरेक्ट नळाचं असायचं, मिनिटाला 4 लिटर, म्हणजे तासाला 240 लिटर सरळ गटारात, आणि मे महिन्यात कॉलेजला टँकर! म्हणून डिझाइन आम्ही दिलं आणि लोकल फॅब्रिकेटरकडून क्लोज्ड लूप, म्हणजे तेच पाणी परत परत फिरणारा, बनवून घेतला. 100 लिटरची टाकी, अर्ध्या एचपीचा पंप, गरम बाजूला 3 किलोवॅटचा गिझर, वर फोर्स्ड ड्राफ्ट टॉवर, म्हणजे पंख्याने हवा आत ढकलून पाणी थंड करणारा.

टॉवर कशाला, टाकी पुरे, असं बरेच जण म्हणत होते. अहो पण अर्धा एचपी म्हणजे 370 वॅट, ते शेवटी पाण्यातच जिरणार, नुसतं पाणी फिरवत ठेवलं तरी टाकी तासाला 3 अंशांच्या आसपास तापते, गिझर चालू न करता. त्याच टाकीवर पाइप फ्रिक्शनचं प्रॅक्टिकल घेतो, आणि 20 वरून 40 अंशाला पाण्याची व्हिस्कॉसिटी (वाहण्याला होणारा आतला विरोध) तिसऱ्या हिश्शाने कमी होते, म्हणजे फ्लो तोच ठेवून रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह संथ की खळबळता ते सांगणारा आकडा) दीडपट. पोरं मात्र जर्नलमध्ये 20 अंशाचीच व्हॅल्यू टाकून मोकळी. टाकीत थर्मामीटर हवाच.

जुलैत पाणी काही केल्या 30 च्या खाली येईना. एकजण म्हणाला सर टॉवर बिघडलाय. त्याला ओली वात लावलेला थर्मामीटर दिला हातात, वेट बल्ब (ओल्या वातीवरचं तापमान) 26, टॉवरचं पाणी याच्या काही अंश वरच थांबणार, आता याच्या खाली कुठून जाणार? डिसेंबरात दुपारी तोच टॉवर 26 पर्यंत आणतो. वरचे लोक चिलर (फ्रिजसारखं पाणी थंड करणारं मशीन) घ्या म्हणून सांगतायत, माझा विरोध आहे, चिलरमध्ये नुसता आकडा सेट करायचा, त्यात पोरांना काय दिसणार.

तक्रारी आहेतच. गिझर फुल असला की तासाला 4 लिटरच्या वर पाणी वाफ होऊन जातं, आणि फॅब्रिकेटरने ड्रॉइंगमध्ये असून फ्लोट व्हॉल्व्ह (लेव्हल उतरली की आपोआप पाणी भरणारा) बसवलाच नव्हता, लेव्हल उतरली की पंप हवा ओढायचा आणि रोटामीटरचा (फ्लो मोजायच्या उभ्या नळीचा) फ्लोट नाचायला लागायचा, रीडिंग घेणार कसं. शेवटी प्लंबरकडून साधा टाकीचा बॉल कॉक बसवून घेतला. पारदर्शक टाकी खिडकीजवळ ठेवू नका, शेवाळ धरतं, आम्ही काळा कागद चिकटवलाय. पाइपमधल्या दाबाचा फरक मोजायचा पाऱ्याचा मॅनोमीटर काढून उलटा यू-ट्यूब (पाण्यावर हवा, पारा नाही) लावला ते एक बरं झालं, पारा सांडायची भीती गेली.

फॅनचा आवाज जरा जास्तच आहे, व्हायव्हा शेजारच्या खोलीत घ्यावी लागते.