फॉर्म एजंटने भरला, सही मी केली

पैसे गेले त्या दिवशी घाबरलो, पण धीर सोडला नाही. सायबर विमा काढलेला होता. खरा हादरा बसला तो दोन महिन्यांनी, क्लेम नामंजूर झाल्याचं पत्र हातात पडलं तेव्हा.

आमचा सहा जणांचा व्यवसाय. नेहमीच्या पुरवठादाराचा मेल आला: ऑडिटमुळे खातं बदललं आहे, थकलेलं बिल नव्या खात्यावर भरा. बिल नंबर बरोबर, रक्कम शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबर, खाली आमचा जुना पत्रव्यवहार जसाच्या तसा. हिशेब बघणाऱ्या ताईंनी पैसे पाठवले. त्यांना मी दोष देत नाही, त्यांच्या जागी मीही पाठवले असते. नंतर पत्ता मोठा करून पाहिला, तर इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' चिकटून बसलेले.

जुना पत्रव्यवहार चोराला मिळाला कुठून? तर तो आमच्याच मेलबॉक्समध्ये होता. बनावट लॉगिन पानावर आमचा पासवर्ड गेला होता. आत शिरून त्याने एक नियम लावून ठेवला होता: पुरवठादाराचा मेल आला की इनबॉक्समध्ये न दिसता 'आरएसएस फीड्स' फोल्डरमध्ये जायचा. ते फोल्डर कोण उघडतं? 'पैसे अजून मिळाले नाहीत' अशा त्यांच्या तीन मेल तिथे न वाचलेल्या पडून होत्या.

कळल्याबरोबर मी बँकेऐवजी एजंटला फोन केला. "क्लेम बसतो, काळजी करू नका," म्हणाला. त्या भरवशावर दोन दिवस गेले. बँकेला लगेच कळवलं असतं तर पैसे पुढे सरकण्याआधी अडवता आले असते कदाचित. ते दोन दिवस मला अजून झोपू देत नाहीत. पॉलिसीवर चोवीस तास चालणारा मदतीचा नंबर छापलेला होता, तोही मी नंतर पाहिला.

क्लेम नामंजूर झाल्याच्या पत्रासोबत प्रपोजल फॉर्मची, म्हणजे विमा घेताना भरलेल्या अर्जाची, प्रत होती. सगळ्या ईमेल खात्यांना मल्टी-फॅक्टर ऑथेंटिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी, आहे का? हो. खातं बदलल्याची सूचना आली तर आधीपासून नोंद असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करता का? हो. दोन्ही उत्तरं खोटी. पासवर्डनंतर कोड फक्त माझ्या खात्याला लागायचा. एजंटने यातला एकही प्रश्न मला विचारला नव्हता. "सायबरचं सगळं यात येतं, तुम्ही फक्त सही करा," एवढंच बोलला होता. सही माझी, म्हणून विधानही माझंच धरलं गेलं. 2022 मध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या एका कंपनीची अख्खी पॉलिसी याच मुद्द्यावर रद्द झाली. त्यांच्याकडे पासवर्डनंतरच्या पडताळणीची सोय फायरवॉलपुरतीच (नेटवर्कची राखण करणाऱ्या यंत्रणेपुरतीच) होती, फॉर्ममध्ये मात्र जास्त लिहिलं होतं.

उत्तरं खरी असती तरी पूर्ण भरपाई मिळालीच नसती. चोराने सिस्टीममध्ये घुसून पैसे काढले तर एक कलम लागतं. आपण फसून स्वतःच्या हाताने पाठवले तर दुसरं, त्याला 'सोशल इंजिनिअरिंग' म्हणतात. अनेक पॉलिसींत ते वेगळं घ्यावं लागतं, आणि त्याची मर्यादा फार लहान असते. आमच्या पॉलिसीत ती विमा रकमेच्या दहाव्या हिश्श्याएवढी होती. शिवाय पॉलिसीतला 'लायबिलिटी' हा भाग म्हणजे आपल्याकडून दुसऱ्यांची माहिती फुटली तर त्यांचं देणं. आपलं स्वतःचं नुकसान, बंद पडलेलं काम, डेटा परत मिळवण्याचा खर्च हे वेगळ्या भागात येतं, आणि तो भाग घेतलाय की नाही हे पॉलिसीच्या पहिल्या पानावरच्या तक्त्यात दिसतं. तो तक्ता मी क्लेम फेटाळल्यावर वाचला.

एजंटची लेखी तक्रार केली आहे, निकाल यायचा आहे. तो आता फोन उचलत नाही. त्याच्याशी झालेलं सगळं बोलणं तोंडी होतं, हीच माझी सर्वांत मोठी अडचण झाली आहे.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या कंपनीचा फॉर्म आला. ताई आणि मी समोरासमोर बसून एकेक प्रश्न वाचला, दुपार गेली त्यात. 'बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडून ठेवता का?' या प्रश्नाशी दोघंही थांबलो. मग मी माझ्या हाताने 'नाही' लिहिलं, आणि ताई बाहेरची हार्ड डिस्क मागवायला उठल्या.