ठोक की मोजमापावर? पेव्हिंगचं काम घेण्याआधी

पेव्हिंगचं, म्हणजे जमिनीवर काँक्रीटचे ब्लॉक बसवण्याचं काम निघालं की पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, पहिला प्रश्न विचारते, "टोटल किती सांगता?" आकडा सांगण्याआधी काम ठोक (सगळ्याचा मिळून एकच आकडा) घ्यायचं की मोजमापावर (जेवढं भरेल तेवढे पैसे), हे आपल्या मनात पक्कं हवं.

जागा चौकोनी, ब्लॉक ठरलेला, ड्रेनेजचं चेंबर एखादंच आणि खालची जमीन खोदून पाहिलेली असेल तर ठोक घ्या. हिशोब सुटसुटीत राहतो, टेप घेऊन कुणी मागे फिरत नाही. खोदून पाहिलेलं नसेल तर मात्र जमिनीखालचं सगळं तुमच्या गळ्यात. १००० चौरस फुटांवर ६ इंच दाबलेली खडी म्हणजे ५०० घनफूट, ५ ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट). खाली चिकणमाती लागली आणि आणखी ३ इंच उतरावं लागलं, की अडीच ब्रास वाढलेच. तेही दाबून, सैल माल त्याहून जास्त मागवावा लागतो. जास्तीची खोदाई आणि माती उचलणं वेगळंच. ब्लॉकच्या दरात घासाघीस करून वाचवलेलं सगळं त्या खड्ड्यात जातं.

मोजमापावर ही भीती नाही, पण भांडण टेपवर येतं. गोलाई असलेल्या कडेला कापून वाया गेलेले ब्लॉक कुणाचे? चेंबरचं क्षेत्र वजा करायचं का? कर्बस्टोन, म्हणजे कडेचे उभे दगड, रनिंग फुटावर (लांबीवर) ना? हे कोटेशनमध्येच लिहा.

माझं मत विचाराल तर वरचं (ब्लॉकचं) ठोक, खालचं (जमिनीतलं) मोजमापावर. कोटेशनमध्ये खोदाईची खोली लिहायची आणि त्याखाली गेल्यास प्रति ब्रास दर. हे वाक्य वाचून जी पार्टी बिथरते, ती पुढेही बिथरणारच. आधी कळलेलं बरं.

"एवढं जरा करून द्या" म्हणत काम वाढवणाऱ्याला ठोक आकडा चुकूनही देऊ नका. याउलट संशयी गिऱ्हाईक ठोकमध्ये बरं असतं, फक्त प्रत्येक थर झाकण्याआधी टेप लावून फोटो पाठवायचा. ठोकवाला खडी चोरतो हा त्याचा संशय अगदीच चुकीचा नसतो. काँक्रीट ब्लॉकवर पांढरा थर येऊ शकतो आणि तो बहुधा हळूहळू जातो, हेही आधीच सांगावं. नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

मालात काटकसर कुठे? पायवाटेला ६० मिमी ब्लॉक पुरतो. गाड्या फिरणार असतील तर ८० मिमी, हेरिंगबोन (नागमोडी) जोडणीत. मुरूम स्वस्त पडतो, पण मातकट असला तर पाणी धरून बसतो आणि चाकाखाली चर पडतात. वाहनाच्या जागी लहानमोठी मिसळलेली खडीच, थराथराने दाबून. चिकणमातीवर जिओटेक्स्टाईल कापड अंथरलं की खडी चिखलात रुतत नाही. मात्र कापड टाकलं म्हणून खडीची जाडी कमी करायची नाही. ब्लॉकखाली वाळू २५ ते ४० मिमी. खालचा खड्डा वाळूने लेव्हल केला तर तो महिन्याभरात वर दिसतो. बारीक पूड असलेली दगडाची डस्टही तिथे नको, पाणी अडतं.

पैशाचे टप्पे दोन्ही प्रकारांत सारखेच ठेवा: माल येण्याआधी, बेस (खडीचा थर) झाल्यावर, आणि सांध्यात वाळू भरून प्लेट (दाबायचं मशीन) फिरवल्यावर. "एक पावसाळा बघू, मग देतो" म्हणणाऱ्याशी किती रक्कम अडकवायची आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे काम सुरू होण्याआधी कागदावर घ्या.