पेशीवरील ताण केंद्रकापर्यंत: गंगापूर रोडवरील एका कार्यशाळेविषयी

नाशिकमध्ये जीवशास्त्राचे खासगी वर्ग बहुधा नीट परीक्षेपुरतेच चालतात. त्यामुळे गंगापूर रोडवरील एका वर्गाने पेशीवरील यांत्रिक बलाचा केंद्रकावर होणारा परिणाम या विषयावर पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी शनिवार-रविवारची सशुल्क कार्यशाळा घेतली, याचेच प्रथम कौतुक वाटले.

पेशीच्या पृष्ठभागावरील ओढ तिच्या पटलातील इंटिग्रिन प्रथिनांमार्फत पेशीच्या आतील सांगाड्यातील अ‍ॅक्टिनच्या तंतूंवर येते आणि तेथून केंद्रकाच्या बाह्य पटलातील नेस्प्रिन व आतील पटलातील सन (SUN) या प्रथिनांच्या जोडणीतून केंद्रकाला आतून आधार देणाऱ्या लॅमिन प्रथिनांच्या जाळीपर्यंत पोहोचते. हा मार्ग शिक्षकांनी रबरी दोऱ्या आणि मणी भरलेला फुगा घेऊन इतका स्वच्छ उलगडला की आकृती पाठ करण्याचे कारण उरले नाही. मॅनिओटिस, चेन आणि इंगबर या संशोधकांनी १९९७ मध्ये जिवंत पेशीवरील इंटिग्रिन ओढून पाहिले, तेव्हा केंद्रकाचा आकार बदलला आणि आतील केंद्रिका (न्यूक्लिओलस) ताणाच्या दिशेने मांडल्या गेल्या. हा प्रयोग त्याच ओघात आल्याने केंद्रक पेशीद्रवात सुटे तरंगते ही समजूत टिकणे शक्य नव्हते.

सर्वांत मोलाचे सत्र काहाल बॉडीवरचे होते. आरएनए प्रक्रियेशी निगडित असलेल्या केंद्रकातील या सूक्ष्म पिंडांत कॉइलिन आणि एसएमएन ही प्रथिने एकत्र आढळतात. पेशीच्या पृष्ठभागावर इंटिग्रिनमार्फत स्पंदित बल लावले असता त्यांची जोडी सुटू लागते, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. हा परिणाम बलाच्या तीव्रतेवर, अ‍ॅक्टिन तंतू शाबूत असण्यावर आणि लॅमिनच्या ए/सी या प्रकारावर अवलंबून होता. शिक्षकांनी येथे घाई केली नाही, शंकाही मनापासून ऐकून घेतल्या.

पुढे मात्र मांडणी सैल झाली. मूलपेशी (स्टेम सेल) मऊ जेलच्या थरावर चेतापेशींसारखे, त्याहून कडक जेलवर स्नायूंसारखे आणि सर्वांत कडक जेलवर हाडाच्या पेशींसारखे गुण दाखवतात, हा २००६ चा गाजलेला प्रयोग केंद्रकापर्यंत थेट पोहोचणाऱ्या ओढीचाच पुरावा म्हणून सांगण्यात आला. वास्तविक तो बदल घडायला काही दिवस लागतात आणि मधल्या काळात रासायनिक संदेशांना भरपूर वाव असतो. काहाल बॉडीत क्षणार्धात दिसणाऱ्या परिणामाशेजारी त्याला बसवणे मला पटले नाही. लॅमिनच्या जनुकातील दोषामुळे होणारा, लहान वयातच वार्धक्याची लक्षणे आणणारा प्रोजेरिया तर एका स्लाइडमध्ये उरकला गेला.

जाहिरातीत जेलवरील प्रात्यक्षिकाचे आश्वासन होते, प्रत्यक्षात चित्रफीत दाखवली गेली. शिकवणे मराठीत, पण टिपणे इंग्रजीत आणि झेरॉक्स फिकट, ही गैरसोय टाळता आली असती. बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे शुल्क भरू नये, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापुढच्यांनी मात्र प्रात्यक्षिक खरोखर होणार आहे का हे आधी विचारून मगच नाव नोंदवावे.