जुन्या पोथीची बांधणी आणि बाइंडिंगचा क्लास – पुण्यातला अनुभव

जुनी पुस्तकं नीट रिपेअर करून देणारं पुण्यात कोण आहे असं विचारणाऱ्यांसाठी लिहितेय. नाव-नंबर इथे जाहीर टाकत नाही कारण हे काम करणाऱ्या ताई एकट्याच आहेत आणि आधीच कामं साठलीयेत, ज्यांना खरंच पाहिजे त्यांनी मेसेज करा, मी त्यांना विचारून देईन.

आमच्याकडे सासूबाईंची पारायणाची पोथी होती, चांगली जाडजूड. कणा पूर्ण सुटलेला, पहिली आणि शेवटची पानं निखळलेली, कोपऱ्यांना कसर लागलेली आणि मधे कोणीतरी कधीतरी सेलोटेप लावलेली ती पिवळी पडून कागदातच मुरलेली. आधी एका कॉलेजजवळच्या बाइंडरकडे नेली होती. तो म्हणाला तीन बाजू मशिनवर कापतो, मागून गमिंग करतो, म्हणजे कण्याला नुसता गोंद, 200 रुपये, संध्याकाळी घेऊन जा. थिसीसला ते ठीकच आहे, पण या पोथीत समासात सासऱ्यांच्या हातच्या नोंदी आहेत, कुठल्या वर्षी पारायण झालं, कोण कोण आलं होतं वगैरे. कापलं असतं तर निम्म्या नोंदी कचऱ्यात गेल्या असत्या, म्हणून परत आणली.

ताईंकडे गेले तर त्यांनी भाव सांगायच्या आधी एकेक पान उलटून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, रोज वाचणार का कपाटात ठेवणार? म्हटलं सासूबाई रोज वाचतात. मग म्हणाल्या तर पूर्ण उघडून सपाट राहील अशीच शिलाई करावी लागेल, नाहीतर परत कणा तुटेल. हळदीकुंकवाचे डाग आहेत त्याचं काय असं मी विचारलं तर स्पष्ट सांगितलं, ते निघणार नाहीत आणि काढायला गेलं तर कागद जाईल. पान तपकिरी पडलंय तेही पांढरं होणार नाही, कारण त्या काळच्या स्वस्त कागदात लाकडाचा लगदा आणि तुरटी असायची, त्याने कागद आतून आंबट होऊन कडक पडतो आणि मोडायला लागतो. हे असं काय होणार नाही ते आधी सांगणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो.

काम कसं चालतं तेही बघू दिलं. पुस्तक म्हणजे घड्या घातलेल्या कागदांचे फॉर्म असतात, बहुतेक 16 पानांचा एक, आणि प्रत्येक फॉर्म मधल्या घडीतून मेण लावलेल्या दोऱ्याने शिवून पुढच्याला जोडायचा, याला जुज शिलाई म्हणतात. आमच्या पोथीचे फॉर्म शाबूत होते, फक्त बाहेरच्या घड्या फाटलेल्या, त्या त्यांनी पातळ कागदाच्या पट्ट्या लावून आधी सांधल्या आणि मग शिवायला घेतलं. चिकटवायला फेव्हिकॉल नाही, मैद्याची खळ, त्यात कीड लागू नये म्हणून अगदी चिमूटभर मोरचूद. फेव्हिकॉल का नाही विचारलं तर म्हणाल्या, खळ ओली केली की सुटते, अजून 50 वर्षांनी कोणी हे पुस्तक उघडलं तर त्यालाही सोडवता आलं पाहिजे, फेव्हिकॉल एकदा वाळला की कागद फाटल्याशिवाय निघत नाही. मला हे फार आवडलं. आपल्यानंतर त्या पुस्तकाला हात लावणाऱ्या माणसाचा विचार करून काम करणं हे 200 रुपयांच्या गमिंगमध्ये येऊच शकत नाही.

सेलोटेपचा डाग राहिला आहे पण टेप निघाली. वर मरून कापडी बांधणी. सोनेरी अक्षरं मात्र नाहीत, एका पुस्तकासाठी ब्लॉक, म्हणजे अक्षरांचा साचा, बनवणं परवडत नाही म्हणून कण्यावर छापलेलं लेबल लावतात, मला सोनेरी हवं होतं पण त्यांचं म्हणणं पटलं. पोथी आता लाकडी स्टँडवर ठेवली की हाताने दाबून धरावी लागत नाही, जिथे उघडली तिथे उघडी राहते, सासूबाई खूश. 1,850 रुपये झाले.

आता हे मुद्दाम लिहितेय कारण ताई पूर्वी एका कंपनीत अकाउंट्सला होत्या आणि हे सगळं वह्या बनवायच्या नादातून सुरू झालं. मैत्रिणींना वाढदिवसाला वह्या, मग ऑफिसातल्या लोकांच्या ऑर्डरी, मग प्रदर्शनात स्टॉल. स्टॉलवर वह्या जातात पण दिवाळी आणि डिसेंबर सोडला तर वर्षभर कोण हाताने शिवलेली वही घेणार, त्यात स्टॉलचं भाडं वेगळं. त्यामुळे नोकरी लगेच नाही सोडली. पेठेतल्या एका वयस्कर बाइंडर काकांकडे सुट्टीच्या दिवशी जाऊन बसायला लागल्या, काकांनी त्यांना सुंदर वह्या नाही शिकवल्या, तर लेजर म्हणजे हिशेबाच्या खातेवह्या, रजिस्टर, लायब्ररीची फाटकी पुस्तकं, थिसीस, असलं रोजचं काम शिकवलं. आज घर चालतं ते याच कामावर, लायब्ररीचं रिबाइंडिंग, लोकांची जुनी पुस्तकं आणि क्लास, वह्या त्यातला छोटा भाग. महिनाभर पुरेल एवढं रिपेअरचं काम हातात यायला लागलं तेव्हा कुठे राजीनामा दिला. छंदाचा धंदा करायचा म्हणणाऱ्या माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणी लोगो आणि इन्स्टाचं पेज आधी करतात आणि पैसे नक्की कुठल्या कामातून येणार ते मागाहून बघतात, त्यांनी हे जरूर बघावं.

दुसरं म्हणजे भाव. मी तिथे असताना एक गृहस्थ आले होते, आकडा ऐकून म्हणाले, एवढे? तुमची तर आवड आहे ना ही? ताईंनी चिडल्याशिवाय डायरी उघडून दाखवली, कुठल्या पुस्तकाला किती तास, कापड किती, दोरा किती, वाया गेलेला माल किती, सगळं लिहिलेलं. अकाउंट्सची सवय अशी कामाला आलीये. आवडीचं काम म्हणजे स्वस्त काम असा आपल्याकडे ठाम समज आहे, गायनाच्या क्लासला, रांगोळी काढणाऱ्याला, मेंदीवालीला सगळ्यांना हे ऐकावं लागतं, आणि मला त्याचा खरंच राग येतो. त्या माणसाची आवड आहे म्हणून तर काम इतकं चांगलं झालं ना, मग त्याचे पैसे कमी का?

मग मी त्यांचा एक दिवसाचा क्लासही केला. 1,800 रुपये, सामान त्यांचं, चारपाचच जण घेतात. सकाळी नुसत्या घड्या घालणं आणि कागदाची ग्रेन ओळखणं. कागद हलकेच वाकवून बघायचा, ज्या बाजूने सहज वाकतो त्या दिशेला धागे, आणि ती दिशा कायम कण्याला समांतर पाहिजे, नाहीतर खळ लागली की पुठ्ठा वाकडा होतो आणि पुस्तक मिटत नाही. हातकागदात हा त्रास कमी कारण त्याला ग्रेन फारशी नसते, शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला कागद त्या वापरायला देतात, चिंध्यांपासून केलेला, ती संस्था 1940 पासूनची आहे आणि इतकी वर्षं पुण्यात राहून मी कधी आत गेले नव्हते. दुपारी आरीने भोकं पाडून शिलाई. दोरा ओढताना कायम कण्याच्या दिशेने ओढायचा, वर ओढला की कागद फाटतो, एका मुलाचा फॉर्म असा टर्रकन गेला तर ताईंनी त्यालाच तो सांधायला शिकवलं, त्यामुळे आम्हाला सगळ्यांना रिपेअरही बघायला मिळालं. संध्याकाळी प्रत्येकाची एक वही तयार. पहिल्या क्लासमध्ये पुठ्ठ्याचं कव्हर नाही, साधी शिलाईच, ते दुसऱ्या लेव्हलला आहे आणि त्याचे पैसे वेगळे, हे नाव घालताना स्पष्ट विचारून घ्या.

तक्रारी आहेत. तीन आठवडे सांगून पोथीला दुप्पटीपेक्षा जास्त वेळ लागला, मधे दोनदा मलाच फोन करावा लागला, आणि फोन दुपारी उचलतच नाहीत कारण हाताला खळ असते. उशीर होणार असेल तर एक मेसेज टाकायला हरकत नाही, एवढं काम असेल तर मदतीला कोणीतरी ठेवायलाच पाहिजे आता. जागा जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, जिना उभा आणि अंधारा, सासूबाईंना नेता आलं नाही. पार्किंग विसरा, रिक्षाने जा.

आणखी एक, हल्लीची बरीचशी पेपरबॅक पुस्तकं परफेक्ट बाइंडिंगची असतात, त्यात घड्या कापून पानं नुसती गरम गोंदाने चिकटवलेली असतात, त्यांना जुज शिलाई होत नाही, कडेने शिवावी लागतात आणि मग आतला समास जातो. असं पुस्तक असेल तर ताई आधीच सांगतात की नवीन प्रत घ्या, स्वस्त पडेल. हो, काम नाकारतात, मी बघितलंय.

द्यायला जाताना सुटी पानं क्रमाने लावून सुती कापडात गुंडाळून न्या, प्लास्टिकच्या पिशवीत नको, दमट होतं. घरी सेलोटेप, फेव्हिस्टिक काहीही लावू नका, फाटलंय तसंच राहू द्या. आणि शक्यतो पावसाळ्याआधी द्या, कारण पावसात खळ वाळायला वेळ लागतो आणि तेव्हा त्या मोठी कामं घेतच नाहीत.